साळवीकाकांचं रीडिंग

साळवीकाकांना ‘कसे आहात’ असं विचारायला आमच्या बिल्डिंगमधले लोक घाबरायचे, कारण काका खरं उत्तर द्यायचे. आपण जिन्यात सहज म्हणून विचारून पुढे निघालेलो असायचो आणि मागून आवाज यायचा, “थांब, बघून सांगतो.” मग ते कठड्याला धरून डोळे मिटायचे. पाच-दहा सेकंद जायचे. “डावा गुडघा सहा. पोट ठीक. मनात जरा चिडचिड आहे, साडेचार, पण उतरतीये.” शेजारच्या कुणाची तरी खबर द्यावी तसा त्यांचा आवाज असायचा. दूधवाला भैया तर त्यांना बघून “सब बढिया ना काका” असं स्वतःच म्हणायचा आणि उत्तर यायच्या आत एक मजला खाली पोचलेला असायचा.

त्यांच्याबद्दल लिहिण्याइतकं मला त्यांच्यातलं कळलंय का, मला नक्की माहीत नाही. मी त्यांना अडीच वर्षं ओळखत होते आणि त्यातलं पहिलं वर्ष मी त्यांच्याकडे फक्त मार्कांसाठी जायचे. पण मला जेवढं दिसलं तेवढं लिहिते.

काका डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत एकतीस वर्षं बॉयलर अटेंडंट होते. म्हणजे बॉयलरसमोर बसायचं, वाफेचा दाब किती आणि पाणी किती ते बघायचं आणि दर तासाला ते कागदावर लिहायचं. दाब किलोमध्ये मोजतात. कंपनीतून रिटायर झाल्यावर बॉयलर सुटला, पण किलो सुटले नाहीत. राग, भूक, गुडघा, सगळं किलोत. दहा म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह उडायची वेळ. दहाच्या वर त्यांनी कधी काही सांगितलेलं मला आठवत नाही.

मी एफवायबीएला तत्त्वज्ञान घेतलं, ते कॉमर्सच्या यादीत नाव लागलं नाही म्हणून. पप्पा रिक्षा चालवतात, आई डबे करते, आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. त्यामुळे तत्त्वज्ञान घेऊन पुढे काय होतं हे विचारायला घरात कुणी नव्हतं आणि आईला वाटायचं की ते बहुतेक शिक्षक होण्यासाठी असतं. पहिल्याच सेमिस्टरला मला प्रोजेक्टचा विषय मिळाला ‘अद्वैत वेदान्तातील द्रष्टा आणि दृश्य’. मी दोन दिवस ते नुसतं वाचत होते. शेवटी आई म्हणाली, “वरच्या साळवीकाकांना विचार की. ते असलंच काहीतरी करतात गुरुवारी.”

मी वही घेऊन गेले. काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, “बस, ते फर्स्ट शिफ्टला बसलेत.” संध्याकाळचे पाच वाजलेले. मला नंतर कळलं की काका ध्यानाला ‘शिफ्ट’ म्हणतात आणि दिवसातली पहिली असो की दुसरी, काकूंच्या लेखी सगळ्या फर्स्ट शिफ्टच. काका गॅलरीत लाकडी खुर्चीत ताठ बसलेले होते, डोळे मिटून, गुडघ्यावर टॉवेल. मांडी घालता येत नाही म्हणून खुर्ची. काकू त्यांच्या समोरून दोनदा वाळत घातलेले कपडे काढायला गेल्या, एक ओली चादर त्यांच्या डोक्यावरून ओढत नेली, तरी ते हलले नाहीत.

उठल्यावर त्यांनी माझी वही चाळली. “द्रष्टा म्हणजे काय लिहिलंयस? ‘जो ज्ञानप्रक्रियेचा अधिष्ठानभूत साक्षी...’ हे तुला कळलं?”

“नाही,” मी म्हटलं.

“मलाही नाही. हे बघ. बॉयलरवर एक काच असते, उभी, नळीसारखी. आत पाणी किती ते त्या काचेत दिसतं. शेजारी दाबाचा काटा. मी समोर स्टुलावर. आता काटा वर गेला म्हणजे मी वर गेलो का?”

“नाही.”

“पाणी कमी झालं म्हणजे मी कमी झालो का?”

“नाही.”

“मग तुला राग येतो तेव्हा तो तुला दिसतो ना? दिसतो म्हणजे तो काटा. तू स्टुलावर. एवढंच आहे सगळं. बाकी सगळं शेवटपर्यंत त्या स्टुलावरच्याला शोधणं.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि गंमत अशी की तुझ्या स्टुलावर आणि माझ्या स्टुलावर बसलेला एकच आहे असं म्हणतात. त्यालाच देव म्हणतात. पण ते ‘म्हणतात’ हं. ते तसंच लिही, ‘असे म्हणतात’.”

मी तसंच लिहिलं. मॅडमनी ‘असे म्हणतात’खाली लाल रेघ मारून ‘संदर्भ?’ असं लिहिलं होतं. काकांना दाखवल्यावर ते खूश झाले. म्हणाले, “बाई हुशार आहेत.”

त्यानंतर मी गुरुवारी जायला लागले. आमच्या सोसायटीच्या क्लबरूममध्ये, म्हणजे पाण्याच्या पंपाशेजारच्या खोलीत, चौदा-पंधरा माणसं जमायची. सतरंजी, एक टेबलफॅन आणि काकांसाठी खुर्ची. वर्ग सुरू केलेला करंदीकर सरांनी. ते शाळेतून रिटायर झालेले संस्कृतचे शिक्षक, पोथी वाचून श्लोकाचा अन्वय लावायचे, आणि मग काका बोलायचे. सर काकांना नुसतं ‘साळवी’ म्हणायचे आणि काका त्यांना ‘सर’. सुरुवातीला मला वाटायचं सरांना ते आवडत नसावं, की आपण एवढं समजावून सांगायचं आणि लोक थांबतात ते नववी पास माणसाचं ऐकायला. पण तसंही नव्हतं. सर काकांची खुर्ची स्वतः आणून मांडायचे. फक्त ती आपल्या खुर्चीपेक्षा जरा मागे मांडायचे.

वर्गात काकांची थट्टा खूप चालायची. एकदा गुडघ्यावरून. काका डॉक्टरकडे गेलेले, काकू बरोबर. डॉक्टरांनी विचारलं काय होतंय. काका म्हणाले, “गुडघा दुखतोय.” डॉक्टर म्हणाले, “तुमचा?” काका म्हणाले, “तेच बघतोय गेली चाळीस वर्षं.” काकूंनी हे गुरुवारी सगळ्यांना सांगितलं. वर म्हणाल्या, “डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, की यांना इथे आणलंय की दुसऱ्या डॉक्टरकडे न्यायचं होतं.” काका सगळ्यांत जास्त हसले. हसता हसता म्हणाले, “पण शालिनी, गोळ्या घेतल्या ना मी.”

“घेतल्या ना. मी देह नाही म्हणत म्हणत दोन्ही वेळच्या घेतल्या.”

मी गुरुवारच्या वर्गात बोलायचे नाही. कॉलेजातही नाही. एसवायला असताना इंग्रजीतून दहा मिनिटं प्रेझेंटेशन द्यायचं होतं आणि मी सकाळी जिन्यातच रडायला लागले. काका दुधाची पिशवी घेऊन वर येत होते. त्यांनी काय झालं विचारलं नाही. “भीती किती?” म्हणाले.

मी म्हटलं, “नऊ.”

“नीट बघ.”

मी डोळे मिटले. खरंच बघितलं. छातीत काहीतरी धडधडत होतं, हात गार होते, आणि ते सगळं मला दिसत होतं. “नऊच,” मी म्हटलं.

“मग अजून एक किलो जागा आहे. जा.”

मी गेले. प्रेझेंटेशन काही फार चांगलं झालं नाही, मध्ये एकदा मी ‘कॉन्शसनेस’च्या जागी ‘कॉन्शन्स’ म्हटलं आणि मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. पण मी दहा मिनिटं उभी राहिले. घरी येऊन आईला सांगितलं तर आईला वाटलं काकांनी मला काहीतरी मंत्र दिला.

मग मीही रोज सकाळी बसायला लागले. काकांनी मला एक वही करायला लावली, बॉयलरच्या कागदासारखी: तारीख, वेळ, मन कसं, किती. पहिला महिना मी खरं लिहिलं. झोप. झोप. मोबाइल आठवला. झोप. मग मला लाज वाटायला लागली, आणि पुढचे तीन आठवडे मी एकच शब्द लिहिला: शांत. शांत, शांत, शांत, एकवीस वेळा. काकांनी वही हातात घेतली आणि बोट त्या रांगेवरून खाली नेलं.

“काचेत पाणी कधी स्थिर नसतं,” ते म्हणाले. “बॉयलर चालू असला की पाणी हलतं. वर, खाली, थोडं थोडं. हलत असलं म्हणजे ते खरं. आणि अगदी स्थिर दिसलं ना, एकदम फोटोतल्यासारखं, तर समज काचेची वाट तुंबलीये. आत पाणी नसेलही. त्याला आम्ही खोटं पाणी म्हणायचो.”

“मग काय करायचं?”

“काच ब्लो करायची. खालचा कॉक उघडायचा, असलेलं पाणी सोडून द्यायचं, कॉक बंद करायचा आणि बघायचं पुन्हा येतं का. आलं तर खरं.” वही परत देत म्हणाले, “भांड ना जरा कुणाशी तरी. बघ, शांत परत येतं का.”

मी त्याच संध्याकाळी भावाशी चार्जरवरून भांडले. काही परत आलं नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. सगळ्यांना मार्चपर्यंत घरं रिकामी करायची होती आणि क्लबरूम तर जानेवारीतच बिल्डरच्या ताब्यात जाणार होती. वर्ग कुठे घ्यायचा हा प्रश्न आला. कुणाच्या घरात पंधरा माणसं मावत नव्हती. तेव्हा करंदीकर सरांनी भोईरशेठना गाठलं.

भोईरशेठ म्हणजे आमच्या वॉर्डातली अर्धी जमीन ज्यांची होती ते. त्यांच्या आजोबांची भातशेती आणि खाडीकडे मिठागरं, आता त्यावर टॉवर आहेत. शेठची आई नुकतीच गेली होती आणि एका नव्या टॉवरच्या तळमजल्यावरचा हॉल त्यांना आईच्या नावाने द्यायचा होता, देवाधर्माच्या कामाला, कायमचा. सरांनी त्यांना आमच्या वर्गाचं सांगितलं. शेठना पटलं. पण त्यांची एक अट होती. तिथे बसणारा माणूस ‘पोचलेला’ पाहिजे. ज्याला ते झालंय, असा.

सर खूश होऊन आले. “साळवी, झालं आपलं काम. पुढच्या गुरुवारी शेठ स्वतः येणार आहेत. तुम्हाला एक प्रश्न विचारतील, तुम्ही हो म्हणायचं.”

“कुठला प्रश्न?”

“आत्मसाक्षात्कार झालाय का, म्हणून.”

काकांनी डोळे मिटले. सर घाईने म्हणाले, “अहो, बघू नका. यात बघायचं काही नाही. तत्त्वतः आपण सगळे ब्रह्मच आहोत की नाही? तुम्हीच सांगता. ते मिळवायचं नसतं, आधीचंच असतं. मग ‘झालंय’ म्हणण्यात खोटं काय? उलट ‘नाही झालं’ म्हणणं हेच अज्ञान.”

मला ते एकदम बरोबर वाटलं. आमच्या पुस्तकातही जवळपास तसंच होतं. सगळे काकांकडे बघत होते.

“बॉयलरमध्ये पाणी आहे हे मला मान्य आहे, सर,” काका म्हणाले. “ज्यांनी बघितलं त्यांनी सांगितलंय, आणि ते खोटं बोलणारे नव्हते. पण कागदावर माझी सही असते. मी बघितलं तरच लिहायचं.”

“हे किलो-बिलो बाजूला ठेवा हो जरा.”

“विचार करतो,” काका म्हणाले.

त्या आठवड्यात सरांनी मला हॉलच्या पाटीचा मजकूर लिहायला सांगितला, मी तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून. मला फार मोठं वाटलं. चार रात्री घालवून मी लिहिलं: ‘आत्मज्ञानी श्री. साळवी, ज्यांच्या ठायी अचल शांती नांदते...’ काकांना दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

“अचल?” म्हणाले. “म्हणजे माझी काच तुंबलीये म्हणतेस.”

काकू आतून म्हणाल्या, “मघाशी नळ गेला तेव्हा अचल नव्हते ते. तेवढं लिही.”

गुरुवारी भोईरशेठ आले. मला वाटलं होतं चार माणसं बरोबर असतील, पण ते एकटेच आले, चपला दाराबाहेर काढून सतरंजीवर बसले. गळ्यात जाड चेन, पण बसले मात्र कुणाच्या घरी सुतकात बसावं तसे, हात मांडीवर ठेवून.

“मना जास्ती कलत नाय,” ते म्हणाले. “आईनी मरताना मना इचारला, मी आता कुठं जान रं? मी तिचा हात धरून गप बसलो. मना म्हाईतच नव्हता. पैसा हाय, मानसा हायत, पन ते सांगनारा कोन नाय. म्हून बोलतो काका, तुमाना झालंय का? तुमी बगितलाय का? तुमी हो बोला, हॉल तुमचा.”

खोलीत पंप चालू झाल्याचा आवाज तेवढा येत होता. करंदीकर सर काकांकडे बघत होते. चौदा माणसं बघत होती. काकू चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबलेल्या.

“नाही, शेठ,” काका म्हणाले.

शेठ सतरंजीवर जरा पुढे सरकले.

“ऐकलंय. पटलंय. चाळीस वर्षं त्याच्यासाठी बसतोय. कधी कधी वाटतं की दार जरा किलकिलं झालं. पण झालं असं नाही म्हणता येणार. आईंना काय सांगायला हवं होतं ते मला पोथीतलं माहीत आहे, ते पोथीतलं म्हणून सांगीन. की कुठे जायचं नसतं, जो बघतोय तो कुठे जात नाही. पण ते माझं म्हणून तुम्हाला सांगितलं तर तुमच्या आईच्या बाबतीत मी खोटं बोललो असं होईल.”

“मला विचारलं असतंत तर मी तेव्हाच सांगितलं असतं,” काकू म्हणाल्या. “पंचेचाळीस वर्षं बघतेय मी. घ्या, चहा घ्या.”

शेठनी उभ्या उभ्या चहा घेतला. “बरा हाय,” एवढंच म्हणाले आणि गेले.

त्यानंतर जे झालं ते फारसं चांगलं नव्हतं. सर उभे राहिले आणि काकांना सगळ्यांसमोर बोलले. “तुमच्या या प्रामाणिकपणापायी पंधरा माणसं रस्त्यावर आली, साळवी. अहंकार तरी ओळखा. ‘मी खरं बोलतो’ हासुद्धा अहंकारच आहे.”

काका म्हणाले, “हो, आहे. दोन किलो तरी असेल.”

“मला तुमचे किलो सांगू नका,” सर म्हणाले आणि पोथी बांधून गेले. त्या दिवशी खुर्ची कुणी उचलली नाही. मी उचलून ठेवली.

पुढे काय झालं ते आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं. सर पुन्हा शेठकडे गेले होते. शेठनी त्यांना तोच प्रश्न विचारला होता. आणि सर हो म्हणाले होते.

मी एकदा त्या हॉलमध्ये गेले. एसी, चकचकीत फरशी, चांगला माइक. आमच्या वर्गातले नऊ-दहा जण तिथे होते. सर आधीपेक्षा छान बोलले, खरंच. शेठ पहिल्या रांगेत, संपल्यावर त्यांनी वाकून सरांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सरांनी पाय किंचित मागे घेतले. दाराशी संगमरवरी पाटी होती. मजकूर माझाच होता. फक्त नाव बदललं होतं आणि ‘अचल शांती’ होती तशीच होती. आज त्या पाटीवर फक्त शेठच्या आईचं नाव आहे, पण ते नंतरचं.

काकांना मी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. “सर मोठ्या कामात अडकले,” म्हणाले.

फेब्रुवारीत बिल्डिंग रिकामी झाली. आम्ही डोंबिवलीतच भाड्याने गेलो आणि काका-काकू ठाण्याला स्टेशनच्या पूर्वेकडच्या कोपरीत, काकूंच्या भाच्याच्या रिकाम्या घरात. तिसरा मजला, लिफ्ट नाही. वर्गातले चार जण आणि मी अधूनमधून गुरुवारी तिथे जायचो. खोली एवढी लहान की काका गॅलरीत बसायचे आणि आम्ही दारात.

एप्रिलमध्ये माझी परीक्षा होती, ठाण्यातच, पण पश्चिमेला, नौपाड्यातल्या कॉलेजात. पेपर अकराला. आईने काकूंसाठी शेंगदाण्याची चटणी दिलेली, म्हणून मी लवकर निघून आधी कोपरीत गेले. दार उघडंच होतं. आत प्लॅस्टिकच्या खुर्चीत करंदीकर सर बसलेले होते. समोर चहा होता, त्याच्यावर साय धरलेली. काकूंनी मला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं, पण तिथून सगळं ऐकू येत होतंच, घर तेवढंच होतं.

“शेठ रोज येतात,” सर सांगत होते. “सकाळी आठला. आधी नुसते बसायचे. मग आईबद्दल विचारायला लागले. मी शास्त्रात आहे ते सांगायचो. काल म्हणाले, सर, तुमाना तिकडचा दिसतं, माजी आई दिसते का?” सरांनी चहाचा कप जरा लांब सरकवला. “मी हो म्हणालो. बरी आहे म्हणालो. ते माझा हात धरून लहान मुलासारखे रडले, साळवी. चौपन्न-पंचावन्न वर्षांचा माणूस.”

काकांनी गुडघ्यावरचा टॉवेल सारखा केला.

“मला वाटलं होतं एकदाच हो म्हणायचं आहे,” सर म्हणाले.

मग काकांनी एक गोष्ट सांगितली, जी आम्ही कुणीच ऐकली नव्हती. नोकरीत लागून सहा वर्षं झालेली तेव्हाची. क्रिकेटची मॅच होती आणि गेटवर वॉचमनकडे रेडिओ होता. दुपारी तीन वाजता काकांनी चार, पाच आणि सहाचं रीडिंग आधीच लिहून ठेवलं आणि गेटवर जाऊन बसले. दाब सात, पाणी अर्धी काच, तिन्ही वेळा सारखं, खाली सही. सव्वाचारला पाण्याचा पंप बंद पडलेला असताना बॉयलर कोरडा पडला. भट्टीच्या डोक्यावर एक शिशाचं बूच असतं, ते वितळतं आणि वाफ आत सुटून आग विझवते, म्हणून कुणाला काही झालं नाही. साहेबांनी कागद समोर धरला.

“साहेब म्हणाले, साळवी, पाच वाजताचं पाणी तू सव्वाचारला पाहिलंस कसं?” काका म्हणाले. “रागावले असते तर बरं झालं असतं. ते खरंच विचारत होते. पंधरा दिवस घरी बसवलं मला. मी सकाळी डबा घेऊन निघायचो आणि एका मठात जाऊन बसायचो, कारण तिथे पंखा होता. तिथे एक स्वामी रोज बोलायचे, बघणारा कोण, बघणारा कोण. मला वाटायचं हे मलाच बोलताहेत.”

काकूंच्या हातातलं फडकं थांबलं. त्या दारात गेल्या. “मला तुम्ही सांगितलेलं की कंपनीत रंगकाम चाललंय.”

“हो,” काका म्हणाले.

“पंधरा दिवस मी तुम्हाला डबा करून दिला.”

“चांगला असायचा.”

काकू काय म्हणणार होत्या कळलं नाही, कारण त्यांना हसू यायला लागलं होतं आणि त्यांना ते नको होतं. त्या परत आत आल्या आणि चटणीचा डबा उगाच दोनदा उघडून बंद केला.

“मग काय केलंत तुम्ही?” सरांनी विचारलं.

“साहेबांकडे गेलो आणि म्हटलं, पाहिलं नव्हतं. एवढंच. तीन शब्द नाहीत, दोनच. पण गेटपासून केबिनपर्यंत चालत जायला मला अर्धा तास लागला.” काकांनी खुर्चीचा हात धरून स्वतःला उभं केलं. “चला, सर. शेठ दहा-साडेदहापर्यंत डोंबिवलीच्या ऑफिसात असतात ना?”

“आज?”

“मी येतो. बोलायचं तुम्ही. मी मध्ये बोलणार नाही.”

“ते मला काय म्हणतील?”

“ते आत्ता कसं दिसणार,” काका म्हणाले.

“तीन मजले उतरायचेत,” काकू म्हणाल्या. “गुडघा किती आहे?”

“आठ.” काकांनी काठी घेतली. काकूंनी सरांचा गार चहा उचलला आणि म्हणाल्या, “आल्यावर ताजा करते. दोघांनी यायचं.”

मी त्यांच्याबरोबर खाली उतरले. काका एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरायचे, आणि सर त्यांच्यापुढे एक पायरी, मध्येच मागे वळून बघणारे, की आधार हवाय का. खरं तर हवा कुणाला होता ते सांगता आलं नसतं. खाली आल्यावर मी म्हटलं, पेपर आहे, मी पुढे होते. काका म्हणाले, “जा, जा. आम्हाला वेळ लागेल.”

पुढच्याच आठवड्यात त्यांची लेक येऊन दोघांना गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी चिपळूणला घेऊन गेली आणि ते तिकडेच राहिले. फोन होतात. पण मी त्यांना पाहिलं ते त्या सकाळी शेवटचं.

स्टेशनवरून पश्चिमेला जायच्या पुलाचा जिना चढून गेल्यावर मी वळून खाली बघितलं. ते दोघे स्टेशनच्या रस्त्यावर आलेले होते. करंदीकर सर शहाळेवाल्याच्या गाडीशी थांबले होते, आणि नुसते थांबले नव्हते, ते उलट दिशेला तोंड करून उभे होते, काकांच्या घराकडे. मला वाटलं काका त्यांना हाताला धरतील, काहीतरी समजावतील. काकांनी काही केलं नाही. ते दोन्ही हात काठीवर ठेवून, सगळा भार उजव्या पायावर घेऊन शेजारी उभे राहिले. सरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, घातला, पुन्हा काढला. शहाळेवाल्याने एक शहाळं पुढे केलं, काकांनी मान हलवून नको म्हटलं. रिक्षा त्यांना वळसा घालून जात होत्या. मी घड्याळ बघितलं, मला जायला हवं होतं, पण पाय निघत नव्हते.

चार-पाच मिनिटं गेली असतील. मग सरांनी चष्मा डोळ्यांवर घातला, वळले आणि स्टेशनच्या दिशेने चालायला लागले. काका त्यांच्या मागून निघाले, एक पाऊल सोडून.